पाहुणा मुक्कामी का राहतो?

देवगाव फाट्यावर रोज कितीतरी माणसं थांबतात, पण मुक्कामाला कुणी राहत नाही. जालन्याकडून मंठ्यावरून येणारा रस्ता इथे फुटतो. एक फाटा सेलू-पाथरीकडे वळतो, दुसरा चारठाण्यावरून जिंतूरला जातो. एसटीतून उतरलेला माणूस चहा घेतो, पुढच्या गाडीची चौकशी करतो आणि निघून जातो. परभणी जिल्ह्यातल्या या फाट्यावरून समुद्र गाठायचा तर रस्त्याने चारशे किलोमीटरच्या पुढे जावं लागतं. तरीही हा लेख समुद्रकाठच्या दोन लहान गावांविषयी आहे, कारण त्यांच्यापुढे जो प्रश्न होता तो फाट्यावरच्या कुणालाही ओळखीचा वाटेल. थांबलेला माणूस मुक्कामी राहील कसा? आणि एकदा राहून गेलेला पुन्हा येईल कसा?

पहिलं गाव दिवेआगर, रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं. दुसरं वेळास, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. दोन्ही गावांच्या मधे सावित्री नदी समुद्राला मिळते, तीच बाणकोटची खाडी. बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवली की पलीकडे वेश्वीला उतरता येतं. एका गावाने पाहुणे आपोआप आलेले पाहिले, गमावले आणि पुन्हा मिळवले. दुसऱ्या गावाकडे पाहुण्यांनी यावं असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पर्यटनस्थळही म्हातारं होतं

रिचर्ड बटलर या भूगोलाच्या अभ्यासकाने 1980 साली एका निबंधात पर्यटनस्थळाचं जीवनचक्र मांडलं. पर्यटनाच्या अभ्यासक्रमात ते आजही शिकवतात. आधी काही मोजके भटके एखादी जागा शोधून काढतात. मग गावातली माणसं त्यांच्या जेवणाखाण्याची, झोपण्याची सोय करू लागतात. त्यानंतर बाहेरचा पैसा येतो, हॉटेलं उभी राहतात, जाहिराती होतात. वाढीचा वेग मंदावतो आणि जागा भरून जाते. पाणी, रस्ते, कचरा यांवर ताण पडतो आणि येणाऱ्याला जागा शिळी वाटू लागते. इथून मुख्यतः दोन वाटा फुटतात, उतरणीची किंवा नव्या पालवीची. बटलर यांच्या म्हणण्यात एक गोष्ट महत्त्वाची होती. पालवी आपोआप फुटत नाही. त्यासाठी एकतर नवं आकर्षण उभं करावं लागतं किंवा आजवर न वापरलेली निसर्गाची देणगी वापरात आणावी लागते.

या उतरणीचं सर्वांत बोलकं उदाहरण इंग्लंडच्या किनाऱ्यावर सापडतं. समुद्रकाठी जाऊन हवापालट करण्याची रीत अठराव्या शतकात तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने रुजली आणि आगगाडीने ती कामगारांपर्यंत नेली. मार्गेटसारखी गावं त्यावर दीडशे वर्षं जगली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास स्वस्त झाला आणि तोच कामगार स्पेनच्या उबदार वाळूवर जाऊ लागला. मार्गेटचा समुद्र होता तिथेच होता, फक्त त्याला गिऱ्हाईक उरलं नाही. तिथली ड्रीमलँड ही जुनी जत्रेसारखी बाग मोडीत निघणार असं 2003 साली दिसू लागलं, तेव्हा नागरिकांनी ती वाचवण्याची मोहीम उभारली. 2011 मध्ये गावात टर्नर या चित्रकाराच्या नावाचं कलादालन उघडलं आणि 2015 मध्ये ड्रीमलँडही पुन्हा सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एखादं ठिकाण उघडणं सोपं, चालवत ठेवणं अवघड, असा धडा मार्गेटने घेतला. कोकणातल्या गावांनी तोच धडा वेगळ्या वाटेने घेतला.

सोन्याचा गणपती

दिवेआगर हे जुनं गाव. शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चा इथला ताम्रपट मराठीतल्या सर्वांत जुन्या ताम्रपटांत मोजला जातो. रूपनारायणाच्या देवळातली विष्णुमूर्ती शिलाहारकालीन शिल्पकलेचा उत्तम नमुना मानली जाते. गावाला काही किलोमीटर लांबीची सपाट पुळण आहे, कडेला सुरूचं बन आणि केवडा, आत नारळ-सुपारीच्या वाड्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात नाव आहे, ती याच पट्ट्यातली. एवढं सगळं असूनही 1997 पर्यंत मुंबई-पुण्याच्या फारशा माणसांना हे गाव माहीत नव्हतं.

त्या वर्षी 17 नोव्हेंबरला एका वाडीत सुपारीच्या रोपासाठी खणताना तांब्याची पेटी लागली. पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता, एक किलोहून अधिक वजनाचा, आणि सोबत दागिने. बातमी पसरली आणि गावाचं नशीब पालटलं. याच सुमारास मध्यमवर्गीयांच्या दारात गाड्या आल्या होत्या. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करत दिवेआगर गाठणं शनिवार-रविवारच्या सुट्टीत जमू लागलं. लोक सुवर्णगणेशाचं दर्शन घेत, समुद्रावर जात आणि जेवायला कुठे मिळेल असं विचारत. मग गावातल्या घरांनी पडव्या झाडल्या, मागची खोली रिकामी केली, न्हाणीघरं बांधली. उकडीचे मोदक, सोलकढी, ताजी मासळी, वाडीतलं शहाळं. घरगुती जेवणाच्या पाट्या लागल्या. बटलर यांचा दुसरा टप्पा गावाने पंधरा वर्षं मनापासून जगला.

2012 सालच्या गुढीपाडव्यानंतरच्या पहाटे, 24 मार्चला, देवळावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा खून झाला आणि मुखवटा गेला. पुढे आरोपी पकडले गेले, सोनं मात्र वितळवलेल्या रूपात हाती आलं. 2017 मध्ये अलिबागच्या न्यायालयाने दरोडेखोरांना शिक्षा सुनावल्या. तोवर गावाचं व्हायचं ते नुकसान झालं होतं. ज्यांच्या प्रवासाचं कारण केवळ गणपती होता, ते येईनासे झाले. हार-पेढ्यांपासून खोल्यांपर्यंत सगळ्यांचा धंदा बसला.

एका खांबावर तंबू उभारला की असं होतं. मुखवटा गेला म्हणून समुद्राची लाट मोडली नव्हती आणि मोदकाची चवही बदलली नव्हती, पण लोकांच्या डोक्यात गावाची ओळख एकाच वस्तूशी बांधलेली होती. ती वस्तू कुलुपात होती आणि कुलूप फुटलं.

सावरायला वर्षं लागली, आणि या वर्षांत जे झालं त्याला कुणी उद्घाटनाची फीत कापली नाही. घरं उघडी राहिली. एकदा येऊन गेलेल्या कुटुंबांनी समुद्रासाठी आणि जेवणासाठी पुन्हा यायला सुरुवात केली. शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा समुद्राला बिलगलेला रस्ता हेच अनेकांना येण्याचं कारण वाटू लागलं. पाहुणे परतू लागले होते, इतक्यात 2020 मध्ये करोनाने सगळं बंद केलं आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुड भागातल्या वाड्या आडव्या केल्या. घरांची कौलं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती.

सुपारीचं रोप लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. वाडी पडली की एका कुटुंबाचं पुढच्या कैक वर्षांचं उत्पन्न पडतं. शेती आणि पर्यटन हे कोकणी घराचे दोन पाय, एक लंगडला तर दुसऱ्यावर भार टाकायचा. 2020 मध्ये दोन्ही एकदम लचकले. म्हणून टाळेबंदी सैल होताच पहिला पाहुणा आला तेव्हा त्याचं मोल निव्वळ भाड्याच्या रकमेत मोजण्यासारखं नव्हतं.

23 नोव्हेंबर 2021 रोजी, अंगारकीच्या दिवशी, परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेल्या मुखवट्याची देवळात पुन्हा प्रतिष्ठापना झाली. गावात आनंदीआनंद झाला आणि गर्दीही परतली. पण आताचं दिवेआगर 1997 चं नाही. गणपती हे आता येण्याच्या अनेक कारणांतलं एक कारण आहे. दरोड्याने गावाला हीच गोष्ट महागात शिकवली.

वेळासची उलटी गोष्ट

खाडी ओलांडून वेळासला आलं की चित्र वेगळं दिसतं. नाना फडणविसांच्या घराण्याचं हे मूळ गाव. एवढं सोडलं तर बाहेरच्या माणसाने यावं असं इथे काही नव्हतं. तरुण मुंबईला, मागे म्हातारी माणसं, थोडी भातशेती, थोड्या वाड्या. कोकणातल्या शेकडो गावांसारखंच वेळासही मनीऑर्डरवर चालायचं.

हिवाळ्यात रात्री पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या येतात, हे गावाला पूर्वापार माहीत होतं. मादी मागच्या पायांनी फूट-दीड फूट खोल, सुरईसारखा खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती वळूनही पाहत नाही. माणसं, कोल्हे आणि कुत्री यांतलं जे कुणी आधी पोहोचेल ते अंडी खणून नेत असे. भारतात या कासवाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे, पण कायदा पहाटे चार वाजता पुळणीवर येत नाही.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि तिचे भाऊ काटदरे 2002 मध्ये समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर फिरत होते. वाळूत त्यांना फुटक्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशीत सगळा प्रकार कळला. त्यांनी गावाला अपराधी ठरवलं नाही. ज्यांना घरटी अचूक सापडतात, त्यांनाच राखणीचं काम दिलं. अंडी शोधणारी नजर तीच राहिली, फक्त तिचं काम बदललं.

राखणीचं तंत्र साधं आणि चिकाटीचं आहे. राखण करणारा कासवमित्र भल्या पहाटे किनारा चालत जातो. मादीचा माग वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला असतो. माग संपतो तिथे काठीने वाळू चाचपायची. मऊ लागली की घरटं. अंडी हलक्या हाताने काढायची, फार न हलवता कुंपण घातलेल्या हॅचरीत न्यायची आणि तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून पुन्हा पुरायची. वर तारीख आणि संख्या लिहिलेली पाटी. वाळूच्या उबेने साधारण पन्नास दिवसांत अंडी फुटतात. ही ऊब पिल्लू नर की मादी हेही ठरवते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक जन्मतात. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलायची. खाली तळहातावर मावणारी काळपट पिल्लं वळवळत असतील तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडायची. एवढीशी वाट त्यांनी स्वतः चालायची असते. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं असा अंदाज सांगतात.

ही टोपली उचलताना पाहायला लोक येतील, ही कल्पना 2006 च्या कासव महोत्सवाने प्रत्यक्षात आणली. दिवेआगरला घबाड सापडलं होतं. वेळासने चार वर्षं किनारा राखला आणि मग पाहुण्यांना बोलावलं.

पैसा कोणाच्या ओटीत पडतो

वेळासला पर्यटनाचा आराखडा नव्हता, हॉटेल बांधायला भांडवलही नव्हतं. घरं मात्र होती. ओटीवर, माजघरात, माडीवर पाहुणे झोपवायचे आणि घरात जे शिजतं तेच वाढायचं. पोहे, घावन, आमटी-भात, कुळथाचं पिठलं, सणावारी मोदक. पाहुणे घराघरांत वाटून घ्यायचे आणि दर ठरवून घ्यायचा, म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत गिऱ्हाईक ओढण्याची चढाओढ होत नाही.

हे दिसायला साधं असलं तरी पर्यटनाचं अर्थशास्त्र इथेच आहे. बाहेरच्या साखळी हॉटेलात पाहुण्याने दिलेल्या शंभर रुपयांतले बरेच रुपये गावाबाहेर जातात. भांडवलाचं व्याज शहरात, व्यवस्थापक शहरातला, भाजी ट्रकने आलेली, पंचतारांकित साबणही बाहेरचा. अभ्यासक याला गळती म्हणतात. घरगुती मुक्कामात तांदूळ शेजारच्या शेतातला, नारळ परसातला, स्वयंपाक घरच्या बाईचा. गळती कमी, म्हणून थोड्या पाहुण्यांतही गावाचं भागतं. राज्याची न्याहारी-निवास योजना याच विचारावर उभी आहे. घराच्या काही खोल्यांची नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात, हॉटेल काढायची गरज पडत नाही.

दुसरा फायदा लवकर दिसत नाही. ज्या घरात कासवांमुळे चार पैसे येतात, त्या घरातला माणूस अंडी चोरणाऱ्याला स्वतः हटकतो. राखण करणाऱ्यांची संख्या पगाराने वाढवायची तर मर्यादा येते. हितसंबंधाने मात्र ती आपोआप वाढते. पुढे वेळासच्या उदाहरणावरून आंजर्ले आणि इतर किनाऱ्यांवरही कासवमित्र तयार झाले, वनविभाग आणि त्याचा कांदळवन कक्ष यात उतरले. जाळ्यात अडकलेलं संरक्षित कासव सोडताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची योजना राज्याने 2018 च्या अखेरीस आणली, तिची मर्यादा 25,000 रुपये. कासव वाचवायचं आणि पदरचं जाळंही गमवायचं, अशी अट कोणी फार दिवस पाळत नाही, हे तिथे ओळखलं गेलं.

याच धर्तीचं आणखी एक काम सिंधुदुर्गात दिसतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका 2017 पासून होडीतून पाहुण्यांना कांदळवनाची सफर घडवतात. वल्हं मारणारी आणि झाडाची माहिती सांगणारी एकच बाई असते. खाडी, कांदळवन, चिंबोरी, पक्षी हे सगळं त्यांचं रोजचंच; फक्त ते सांगण्याचे पैसे मिळू शकतात हे नवं होतं.

नियम कोण पाळून घेणार

पाहुणा वाढला की त्याचा जाच सुरू होतो. वेळासला दोरीच्या अलीकडे उभं राहायचं असतं. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाच्या वाटेत पाय ठेवायचा नाही. रात्री किनाऱ्यावर दिवे नकोत, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात; समुद्रावरच्या मंद उजेडाऐवजी एखाद्या बंगल्याचा दिवा दिसला तर ती उलट्या वाटेने चालू लागतात. हे नियम सांगणारा माणूस गावातला असतो, आणि पाहुणा आदल्या रात्री त्याच्याच घरी जेवलेला असतो. त्यामुळे नियम पाळला जातो. पाटीवर लिहिलेला नियम वाचून लोक पुढे जातात. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याने सांगितलेला नियम मोडताना मन कचरतं.

दिवेआगरसारख्या मोकळ्या किनाऱ्यावर हे अवघड पडतं. शनिवार-रविवारी सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या गर्दीचं गावातल्या कोणत्याच घराशी नातं जुळत नाही. ती गर्दी पुळणीवर गाड्या घालते, बाटल्या फोडते, भरती-ओहोटी न विचारता पाण्यात उतरते. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय किनाऱ्यावर बुडण्याच्या घटना घडतात. गावकऱ्याला विचारलं असतं तर कुठे ओढ आहे आणि कुठे उतार आहे हे त्याने सांगितलं असतं. मुक्कामाला राहणारा पाहुणा हे विचारतो. एका दिवसाच्या पर्यटकापेक्षा एका रात्रीचा पाहुणा गावाला अधिक मोलाचा असतो, तो केवळ पैशाच्या हिशेबाने नव्हे.

जमून येतं, पण सहज नाही

या गोष्टी गोड करून सांगण्यात अर्थ नाही. कासवाची पिल्लं वेळापत्रक पाळत नाहीत. महोत्सवाच्या दिवशी टोपली उचलावी आणि खाली फक्त वाळू असावी, असंही होतं. ओडिशाच्या गहिरमाथ्याला एका वेळी लाखो माद्या येतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घरटी तुरळक असतात. तसलं दृश्य मनात घेऊन आलेला माणूस चार पिल्लांवर नाराज होतो. त्याला आधी समजावून सांगावं लागतं, आणि तेही यजमानाचंच काम.

हंगाम तीन-चार महिन्यांचा. पावसाळा लांबला, वाळू वाहून गेली, वादळ आलं की हॅचरी धोक्यात. 2020 मध्ये करोनाने महोत्सवच थांबवला. पाहुणे ठेवणारी पिढी म्हातारी होतेय, मुलं पुन्हा मुंबई-पुण्याकडे. घरगुती मुक्कामाचं यश पाहून बाहेरचे लोक किनाऱ्यालगत जमिनी विकत घेतात आणि बंगले बांधतात, आणि बटलर यांचा तिसरा टप्पा सुरू होतो. त्या टप्प्यावर गावाला दर, बांधकाम, दिवे आणि कचरा यांवर बोलण्याचा अधिकार उरला आहे का, यावर पुढचं सगळं ठरतं.

दुसरीकडे ज्ञानही गावापर्यंत येतं. 2022 च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादी कासवाच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. तिचं नाव प्रथमा. त्यानंतर सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी अशा आणखी चौघींना यंत्रं बसली आणि त्या कुठे जातात हे कळू लागलं. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग केलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं पश्चिमेलाही येतात, याचा हा ठोस पुरावा. गावात मुक्कामी आलेल्या पोराला हे ओटीवर बसून ऐकायला मिळतं. तो परत जाताना पिल्लाचा फोटो नेतोच, शिवाय एक गोष्टही नेतो. पुढच्या वर्षी तो आईवडिलांना घेऊन येतो ते या गोष्टीमुळे.

पुन्हा फाट्यावर

आता आपल्याकडे वळू. देवगाव फाट्यावरून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की चारठाणा येतं. यादवकालीन देवळं, उंच स्तंभ, बारव. हे गाव कोकणात असतं तर त्याच्या नावाच्या पाट्या पुण्यापर्यंत लागल्या असत्या. फाट्यापासून दुसऱ्या दिशेला, सेलू तालुक्यात वालूर आहे. तिथली बारव चक्राकार आहे, पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. बारवा साधारण चौकोनी असतात, म्हणून ही वेगळी. कित्येक वर्षं गाळ-कचऱ्याने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी हातांनी मोकळी केली. अलीकडच्या काळात महाशिवरात्रीला महाराष्ट्रातल्या अनेक बारवांवर दिवे लावले जातात. ज्या जागेकडे पाहायला कुणी जात नव्हतं तिथे एका रात्रीत माणसं जमतात.

दिवे लागले, माणसं आली, फोटो निघाले. आता पुढचं पाऊल वेळासने 2006 सालीच टाकलेलं आहे. बारव पाहायला आलेल्या कुटुंबाला कोणाच्या घरी जेवायला मिळेल? ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं, येळवणीची आमटी कोण वाढेल? रात्री अंगणात खाट कोण टाकेल, आणि सकाळी पाण्यापर्यंतच्या पायऱ्या कोण मोजून दाखवेल? पायऱ्यांवर प्लास्टिक टाकणाऱ्याला कोण हटकेल? या चार प्रश्नांची उत्तरं गावातल्या चार घरांकडून येत नाहीत तोवर कितीही निधी आला, कमानी उभ्या राहिल्या, तरी पाहुणा फाट्यावर चहा पिऊन पुढची गाडी पकडेल.

दिवेआगरकडून सावधपणा शिकावा. एकाच वस्तूवर गावाची ओळख टांगू नये. वेळासकडून क्रम शिकावा. आधी राखण, मग पाहुणा. ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये गावातली चार माणसं घेऊन वेळासला दोन रात्री राहून यावं. हॉटेलात नव्हे, कुणाच्या तरी ओटीवर. परतताना बारवेची फोटोपुस्तिका छापण्याआधी गावात एक बैठक घ्यावी आणि तिच्यात एवढंच विचारावं: पहिल्या पाहुण्याला कोण ठेवणार? जो हात वर करील, त्याच्या अंगणापासून सुरुवात करावी.